लाल गळ्याच्या भरवशावर राहू नका

उन्हाळा सरत आला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी ग्रुपांत हमिंगबर्डचा मेसेज फिरू लागतो. लाल गळा तो नर, पांढरा गळा ती मादी, त्यांच्याहून लहान ते पिल्लू. फीडरच्या, म्हणजे त्यांच्यासाठी टांगलेल्या भांड्यातल्या, साखरपाण्यात लाल रंग घाला, आणि लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी) फीडर उतरवा, नाहीतर पक्षी दक्षिणेला जात नाहीत व थंडीत मरतात. यातलं धड फार थोडं आहे.

इकडे वीण करणारी जात एकच, रूबी-थ्रोटेड. नराच्या गळ्याची लाली रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडला तर ती चमकते. मान जरा वळली की तोच गळा काळाठिक्कर. ऑगस्ट सरेपर्यंत प्रौढ नर बरेचसे निघून गेलेले असतात, आणि त्याच वर्षी जन्मलेल्या नरांचा गळाही पांढराच असतो. फार तर बारीक गडद रेघा, एखादं लाल पीस. म्हणून शेपटीही बघा. प्रौढ नराची गडद आणि दुभंगलेली. मादीच्या आणि पिल्लांच्या कडेच्या पिसांना पांढरी टोकं. सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवणाऱ्या पक्ष्याचं हे सगळं दिसणार कसं? तो बसल्यावर. दिवसाचा बराच वेळ तो बसूनच असतो. फीडरजवळची उघडी, वाळकी काटकी हेरून ठेवा. तिथेच तो परत परत येतो.

'पिल्लू' तर बहुतेकदा पक्षीच नसतं. खरं पिल्लू घरट्याबाहेर पडतं तेव्हाच जवळपास आईएवढं असतं. फ्लॉक्सच्या फुलांवर घोंगावणारा तो छोटा जीव म्हणजे क्लिअरविंग, पारदर्शक पंखांचा पतंग, म्हणजे कीटक. मिशा आणि सहा पाय दिसले की वाद मिटला. (पुण्याहून उलट शिंजिर या आपल्याकडच्या पक्ष्याचे फोटो 'हमिंगबर्ड' म्हणून येतात, ते आणखी वेगळं.)

लेबर डेची भीती निराधार आहे. दिवस लहान होऊ लागला की स्थलांतराची ओढ आपोआप लागते. फीडर कुणाला अडकवत नाही. उलट निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात, कारण काहींना मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे 800 किलोमीटर एका दमात उडायचं असतं. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखादा पश्चिमेकडचा रूफस, म्हणजे हमिंगबर्डच्याच दुसऱ्या जातीचा पक्षी, वाट वाकडी करून इकडे येतो. शेपटीच्या बुडाशी तांबूसपणा दिसला तर फोटो काढाच. फीडर उतरवून बसलात तर हा पाहुणा हुकलाच म्हणायचा.

लाल रंग मुळीच नको, फीडरचं लाल प्लास्टिक पुरतं. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस्स. पौष्टिक म्हणून मध किंवा गूळही नको. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी धुवून पाणी बदला.