‘आयजीच्या जिवावर बायजी’ म्हणणाऱ्या वाचकाला

मागच्या आठवड्यात बिझनेस क्लासवर लेख टाकला: सीट वाढली, पाहुणचार आटला, असा त्याचा सूर होता. प्रतिक्रिया बऱ्याच आल्या. त्यातली ‘रोखठोक’ या टोपणनावाने आलेली एक इथे जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं म्हणायला जागा नको.

“ताई, तिकीट कंपनीचं, माइल्स तुमचे आणि रडगाणं आमच्या माथी. आयजीच्या जिवावर बायजी उदार ते हेच. आज बिझनेसला दार असलेली खोली मिळते, पूर्वी कलती खुर्ची मिळायची, हे सोयीस्कर विसरलात. जेट गेली, विस्तारा गेली, आता तरी सुतक फिटू द्या. लोक लोकलला लटकतात आणि तुम्हाला कापडी नॅपकिन हवा. एवढाच त्रास असेल तर कुठलं विमान घ्यावं ते सांगा, नाहीतर इकॉनॉमीत बसा.”

रोखठोक साहेब (बाई असाल तर क्षमस्व, टोपणनावावरून कळत नाही), पहिल्यांदा ‘ताई’बद्दल. ताई म्हणून सुरुवात करायची आणि दुसऱ्याच शब्दापासून तिची अक्कल काढायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ऑफिसात तीस-पस्तीस वर्षं ऐकते आहे. माझ्या त्या लेखात मी कुणा वाचकाला एक वाकडा शब्द बोलले असेन तर दाखवा. ‘रडगाणं’, ‘सुतक’, ‘माथी’: पाच-सहा ओळींच्या प्रतिक्रियेत एवढा मसाला, आणि आकडा एकही नाही. मतभेद असू द्या हो, पण वाचायला कुणी हात धरून बसवलं होतं का?

एक मान्य करते. कापडी नॅपकिनवर मी सबंध तीन परिच्छेद खर्ची घातले, ते एका परिच्छेदात भागलं असतं. तेवढ्यापुरता तुमचा मुद्दा रास्त.

आता ‘तिकीट कंपनीचं’ या वाक्याकडे येते, कारण तुमची सगळी प्रतिक्रिया त्याच खुंटीला टांगलेली आहे.

म्हण तरी नीट वापरा. बायजी आयजीच्या पैशावर उदार होते, वाटत सुटते. मी काय वाटलं? कंपनी पैसे मोजते, त्या पैशात काय काय मिळेल ते विमान कंपनी छापून सांगते, आणि त्यातलं काय मिळालं नाही ते मी लिहिते. याला उदारपणा म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात. आमच्या औषध कंपनीत माझं कामच ते आहे. कारखान्यात जायचं, कागदावर जे लिहिलंय ते प्रत्यक्षात होतंय का बघायचं. तिथेही पगार कंपनी देते, म्हणून मी डोळे मिटून सही करावी, असं तुमचं म्हणणं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आणि कंपनीचं तिकीट आहे म्हणून मी बोलू नये, तर बोलणार कोण? आमचा ट्रॅव्हल डेस्क? तिथला मुलगा गुणी आहे, पण तो बघतो भाडं, वेळ आणि किती थांबे. रात्री दोनच्या विमानात काय वाढलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, असण्याचं कारणही नाही. वित्त विभाग बिल बघतो. सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला तेव्हा ते खडबडून जागे झाले होते, एरवी नाही. म्हणजे पैसे देणारा तिथे बसलेला नसतो, आणि बसलेल्याने बोलायचं नाही. विमान कंपनीला याहून सुखाचा सौदा कोणता?

गंमत अशी की खुद्द विमान कंपन्यांना हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांना माइल्स, म्हणजे बक्षिसाचे गुण देणारी ॲडव्हांटेज योजना काढली, तेव्हापासून माइल्स जातात ते प्रवाशाच्या खात्यात. पैसे भरले कुणी हे कुणी विचारत नाही. का? कारण पुढच्या वेळी ट्रॅव्हल डेस्कला ‘मला हेच विमान दे’ म्हणून सांगणारा माणूस तो असतो. तुम्ही ‘माइल्स तुमचे’ असं टोमण्यासारखं लिहिलंत, पण त्यातच तुमच्या आक्षेपाचं उत्तर आहे. आता तर किती अंतर उडालात यापेक्षा किती पैसे खर्च झाले यावर पॉइंट देतात. अमेरिकेतल्या डेल्टाने तसं केलं त्याला दहा वर्षं उलटली, एअर इंडिया २०२४ मध्ये त्या वाटेने गेली, ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून तेच केलं. तिथे गोल्ड या वरच्या दर्जाला (यालाच स्टेटस म्हणतात) २०,००० टिअर पॉइंट, म्हणजे दर्जा ठरवणारे गुण, लागतात. म्हणजे कंपनीचा रुपया मोजून ते मला सोनेरी कार्ड देणार, आणि तुम्ही मला सांगणार की त्या रुपयाबद्दल तोंड उघडू नका.

बरं, बोलून काय होतं? होतं. ब्रिटिश एअरवेजने नोव्हेंबर २०२४ मध्ये सकाळी साडेआठ ते साडेअकराच्या दरम्यान सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांत दुपारचं जेवण काढून ब्रंच सुरू केला. पुढच्या केबिनमध्ये हजारो पौंड मोजणाऱ्याने साडेअकराला निघून अंडी-वॉफलवर दिवस काढायचा. नेहमीच्या प्रवाशांनी असा काही गिल्ला केला की काही महिन्यांत तो निर्णय गुंडाळावा लागला. त्याआधी डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये लाउंजचे आणि स्टेटसचे नियम आवळले. त्यांच्या सीईओंना, एड बास्टियन यांना, थोड्याच दिवसांत आपण जरा जास्तच पुढे गेलो असं जाहीरपणे म्हणावं लागलं, आणि ऑक्टोबरमध्ये नियम सैल झाले. ओरडणाऱ्यांत कंपनीच्या पैशावर उडणारे किती होते, हे मोजायला ना ब्रिटिश एअरवेज गेली ना डेल्टा.

स्वतःच्या पैशाचंच प्रमाणपत्र हवं असेल तर तेही देते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला लंडनमार्गे टोरंटोला भावाकडे पाठवलं, ते तिकीट माझ्या बोनसमधून काढलं होतं. बिझनेसचं. बरोबर मी. जातानाच्या विमानात एक चाळिशीची केबिन क्रू होती. तिने आईसमोर पांढरं टेबलक्लॉथ अंथरलं, आधी सूप, ते संपल्यावर सॅलड, मग वरणभात. आई हळू जेवते. ती मुलगी दोनदा येऊन नुसती बघून गेली, ‘झालं का’ विचारलं नाही. आई आजही टोरंटो म्हटलं की नायगाऱ्याच्या आधी त्या मुलीचं सांगते.

काही वर्षांनी त्याच कंपनीच्या विमानात, त्याच केबिनमध्ये, मी कामासाठी निघाले होते. (नाव घेत नाही, उगाच नोटीस नको.) एकच ट्रे आला. सूप, सॅलड, फॉइल लावलेलं पनीर, ब्रेड, गोड, सगळं एकदम. कुल्फीची वाटी पनीरच्या डिशला टेकलेली. पनीर निम्मं होईतो कुल्फीचं दूध झालेलं. मी म्हटलं, गोड नंतर आणाल का? ती बिचारी खाली वाकून हळूच म्हणाली, “मॅम, आज या साइडला मी एकटीच आहे.” तिला मी काय बोलणार? तिच्यावर माझा राग नव्हताच, आजही नाही. लेखात मी ‘क्रू’ वाईट असं एकदाही म्हटलेलं नाही, तरी दुसऱ्या एका वाचकाने तसं माझ्या तोंडी घातलंय, त्यांनाही हेच उत्तर.

हे एकट्या-दुकट्या विमानाचं नाही. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्श कमी करायचा म्हणून जगभर बऱ्याच कंपन्यांनी एका ट्रेवर सगळं आणलं. तेव्हा ते योग्यच होतं. साथ गेली, काहींनी ट्रे परत घेतला, काहींनी तो तसाच ठेवला आणि ‘प्रवाशांना झोप हवी असते’ असं वर सांगितलं. काहींना हवीही असेल. पण मग ज्याला जेवायचंय त्याला विचारा ना! खर्च वाचवायचाय असं सरळ सांगितलं तर निदान प्रामाणिकपणा दिसेल. अमेरिकन एअरलाइन्सचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट क्रँडॉल यांनी ऐंशीच्या दशकात पहिल्या वर्गाच्या सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढून वर्षाला ४०,००० डॉलर वाचवल्याची गोष्ट या धंद्यात अजून कौतुकाने सांगतात. ऑलिव्ह गेल्याचं कुणाला कळलं नसेल. आज एक ऑलिव्ह जात नाही हो, आज ताटच जातं.

आणि ताट काय, लाउंजही जातो. एमिरेट्सने २०१९ मध्ये बिझनेसचं असं भाडं काढलं की ज्यात लाउंज नाही आणि न्यायला-आणायला गाडी नाही. २०२० मध्ये कतारने ‘लाइट’ काढलं, तिथेही लाउंज नाही. तिकिटावर शब्द मात्र बिझनेसच. आमच्या ट्रॅव्हल डेस्कच्या पडद्यावर सर्वात स्वस्त म्हणून तेच वर येतं, आणि दोहाला चार तास थांबताना कळतं की आपण बाहेरच्या बाकावर आहोत. कंपनीचे पैसे वाचले म्हणून तुम्ही टाळ्या वाजवा. सकाळी उतरून थेट कारखान्यात जायचं असतं ते मला.

दाराबद्दल. अहो, सीट सुधारली हे माझ्या लेखाचं पहिलंच वाक्य होतं. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेसला सपाट होणारा पलंग दिला, कतारचं दाराचं क्यूस्वीट २०१७ मध्ये आलं, एअर इंडियाच्या ए-३५० मध्ये २०२४ पासून दारं असलेले २८ स्वीट आहेत. छान आहेत. मी झोपलेय त्यात. दार लावलं म्हणून जेवण गरम होत नाही, एवढंच म्हणणं आहे. पुढे.

जेट आणि विस्ताराचं ‘सुतक’. जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, हजारो माणसांची घरं एका रात्रीत बसली, त्याला सुतक म्हणून हिणवायचं असेल तर तुमची मर्जी. विस्ताराबद्दल मी लिहिलं ते आठवणी काढायला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या विमानांना २ पासून सुरू होणारे चार आकडी क्रमांक मिळाले, आणि मुंबई-दिल्ली करणारे कितीतरी लोक तो दोनचा आकडा शोधून तिकीट काढू लागले. प्रवाशांचं मत म्हणतात ते हे. विमान तेच ए-३२०, आत दारू तर देशांतर्गत प्रवासात कुणीच देत नाही, वेळ दोन-सव्वादोन तास. लोक शोधत होते ती माणसं आणि वाढण्याची पद्धत.

लोकलला लटकण्याचं मला सांगू नका. डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत एक पाय हवेत ठेवून माझी नोकरीची पहिली बारा-पंधरा वर्षं गेली. लोकलबद्दल याच ब्लॉगवर भरपूर लिहिलंय, तिथे तुमची एकही प्रतिक्रिया दिसली नाही. लोकलमध्ये गर्दी आहे म्हणून विमानात फसवणूक चालेल, हा न्याय मला समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही.

शेवटी, कुठलं विमान घ्यावं. हा तुमच्या प्रतिक्रियेतला एकमेव कामाचा प्रश्न, म्हणून उत्तर देते. कंपनीचं नाव बघू नका, विमानाचा प्रकार आणि सीटचा नकाशा बघा. एअर इंडियाच्याच जुन्या ७७७ मध्ये बिझनेस २-३-२ आहे, म्हणजे सात जणांच्या ओळीत मधला अडकलेला. जुन्या ७८७-८ मध्ये २-२-२. ए-३५० मध्ये १-२-१. जुन्या विमानांचं नूतनीकरण २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळे एकाच मार्गावर आज एक, उद्या दुसरं येऊ शकतं. तिकीट काढताना एकदा आणि वेब चेक-इनच्या वेळी पुन्हा एकदा तपासा. स्वस्त बिझनेस दिसलं तर लाउंज, सीट निवडणं आणि तारीख बदलणं यांचे नियम वाचा. रात्री दोनचं विमान असेल तर घरी जेवून निघा. मुंबई-दिल्लीला इंडिगोने नोव्हेंबर २०२४ पासून स्ट्रेच हा त्यांचा बिझनेस वर्ग सुरू केलाय, एका विमानात बारा सीट, दोन-दोनच्या जोडीत. पलंग नाही, पण दोन तासांना हवा कशाला? जे सांगतात ते देतात, असा माझा आजवरचा अनुभव.

आणि ‘इकॉनॉमीत बसा’. बसतेच की. पुढच्या महिन्यात गोव्याला चाललेय, स्वतःच्या पैशाने, खिडकीची सीट घेऊन. तिचे वेगळे पैसे भरले, त्याबद्दल लिहिणार आहे. प्रतिक्रियेचा रकाना तेव्हाही उघडा असेल, फक्त यापुढे ताई-बाई नको, मुद्द्यावर या.