आय आधी की ई आधी

मंगळवारी पहाटे एका बॉटने ईमेल पाठवून मला गुन्हेगार ठरवलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळला होता आणि बॉटच्या तपासात दोष निघाला माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या कमिटचा, म्हणजे कोडमध्ये केलेल्या एका बदलाचा. त्यात मी काय केलं होतं? एका कॉमेंटमधलं ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग सुधारलं होतं. आय आणि ई यांची अदलाबदल, बस्स. कॉमेंट म्हणजे कोडमधली माणसांसाठीची टीप, कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती वाचतसुद्धा नाही हो! पण पत्राची प्रत अर्ध्या जगाला.

सासरे समोर पोहे खात होते. अण्णांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली.

“ड्रायव्हर काय म्हणतो?”

“ड्रायव्हर नाही, अण्णा. फझिंग आहे. बॉट सिस्टिम कॉलना, म्हणजे कर्नलकडे काम मागायच्या खिडक्यांना, वेडेवाकडे आकडे देत राहतो, कर्नल पडेपर्यंत.”

“म्हणजे धडधाकट गाडीचे गिअर मुद्दाम कसेही टाकायचे, आणि मोडली की मेमो तुम्हाला?”

“हो.”

“पाशिंजर किती होते?”

“एकही नाही.”

“मग मोडलं काय?”

“यूज-आफ्टर-फ्री. मेमरी परत केलेली, तरी दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच वेळी चाललेलं दुसरं काम, तिथूनच वाचत होता.”

अण्णांनी शेंगदाणा चावला. “पाशिंजर साताऱ्याला उतरला, सीट दुसऱ्याला दिली, आणि कंडक्टर कऱ्हाडात त्यालाच हलवतोय, ‘उठा, तुमचं गाव आलं’.”

इतकं नेमकं मला इंटरव्ह्यूतही सांगता आलं नव्हतं.

“मग कंडक्टरला धरा की! तुमचा काय संबंध?”

“मी फक्त पाटीवरचं स्पेलिंग...”

“हं. म्हणजे गाडीला हात लावला होतात.”

या फझिंगचं मूळ पावसात आहे. १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला बार्टन मिलर हे प्राध्यापक वादळी रात्री घरून फोनच्या लाइनवर काम करत होते. लाइनीत खरखर, अक्षरांचा कचरा, आणि त्या कचऱ्याने युनिक्सचे प्रोग्रॅम धडाधड बंद. पावसात आपलेही फोन खरखरायचे. आपण लाइनमनला शिव्या घातल्या, त्यांनी संशोधन केलं.

असो. माझ्यावर आळ आला तो बायसेक्टमुळे. दोष कुठल्या बदलाने आला ते शोधायला चांगली आवृत्ती आणि वाईट आवृत्ती घ्यायची, मधली चालवून बघायची, दर वेळी निम्मा इतिहास बाद. पण हा क्रॅश दोन थ्रेडच्या शर्यतीचा, कधी पडणार कधी नाही. एका सदोष आवृत्तीवर तो पडलाच नाही, बॉटने तिला निर्दोष ठरवलं, आणि तिथून वाट चुकली ती थेट माझ्या दारात. मी शोधायला चार ठिकाणी प्रिंटके, म्हणजे नोंद छापणाऱ्या ओळी, टाकले, तर वेळेचं गणित बदलून क्रॅश गायबच. रस्त्यावर खडखडणारी गाडी वर्कशॉपात गप्प बसते, तसा.

खरा दोष गुरुवारी सापडला, तिसऱ्याच कुणाच्या कोडमध्ये. दुरुस्तीचा पॅच मीच लिहिला. त्यात ‘रिपोर्टेड-बाय’, म्हणजे दोष कळवणारा, म्हणून मान कुणाला? बॉटला! माफी वगैरे नाही. त्या तिसऱ्या माणसाचंही अवाक्षर नाही.

“मेमोला उत्तर द्या,” अण्णा म्हणाले, “नाहीतर सर्व्हिस बुकात चढतो.”

उत्तरासाठी फाइल उघडली. माझ्या ओळीच्या खाली चौथ्याच ओळीत ‘सेपरेट’चं स्पेलिंग चुकलेलं होतं.

फाइल बंद केली.