चेहरा, मॅडम, चेहरा!

आमच्या ठाण्यातल्या पोखरण रोडच्या सोसायटीत हळदीकुंकू असो की गणपती, माइक माझ्याच हातात असतो. संगीत खुर्चीत शेवटच्या दोघी उरल्या की गाणं नेमकं कधी बंद करायचं हे माझ्याइतकं कोणालाच जमत नाही, असं मी नाही हो, लोकं म्हणतात (दोघी जणी म्हणाल्यात). त्यामुळे एका चॅनेलला गेम शोसाठी नवीन सूत्रसंचालक हवेत, ऑडिशन घोडबंदरला, असा मेसेज लेकीने फॉरवर्ड केला तेव्हा मला वाटलं चला, पंधरा वर्षांची फुकटची मेहनत आता वसूल होणार. तसंही 2004 मध्ये होम मिनिस्टर सुरू झालं तेव्हापासून आदेश बांदेकर अख्ख्या महाराष्ट्राचे भाऊजी झालेत, मग एखादी वहिनी व्हायला काय हरकत आहे?

सासूबाई म्हणाल्या, "जा बाई. गप्प बसायचे तर तुला कोणी पैसे देणार नाही, बोलायचे तरी मिळू देत."

कापूरबावडी ते कासारवडवली रिक्षात जे झालं ते घोडबंदरवाल्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना पटणार नाही. पोचले तेव्हा फाउंडेशन मानेपर्यंत उतरलं होतं.

आत एसी असा की लोणी ठेवावं. माझ्या आधीची सगळी पोरं अँकरिंगचे कोर्स केलेली, एकेकाचे मोबाईलवर शोरील (म्हणजे स्वतःच्या कामाचा नमुना व्हिडिओ) तयार. मग एक मुलगा माइक लावायला आला. पदराला चिमटा लावला इथपर्यंत ठीक, पण त्या माइकची वायर ज्या डबीत जाते ती डबी कमरेला अडकवायची असते, आणि साडीला बेल्ट कुठून आणायचा? शेवटी ती मीच आडोशाला जाऊन परकराच्या नाडीत खोचली. पुढचा सगळा वेळ माझं निम्मं लक्ष त्या नाडीवर होतं हे आधीच सांगून ठेवते.

मग प्रॉम्प्टर. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक तिरकी काच असते, तिच्यावर अक्षरं वर सरकत जातात, ती आपल्याला दिसतात पण कॅमेऱ्याला नाही. सरकवणारा माणूस आपल्या वाचण्याच्या स्पीडने सरकवतो, हे मला नंतर कळलं. मला वाटलं आपण त्याला गाठायचंय. मी त्याच्यामागे, तो माझ्यामागे, अशी दोघांनी मिळून शोची ओळख इतकी सुसाट संपवली की बक्षीस काय आहे ते कोणालाच कळलं नाही.

पण खरी गंमत कानात होती. कानात एक बोंडूक घालतात आणि त्यातून कंट्रोल रूममधला डायरेक्टर बोलत राहतो. म्हणजे समोरच्याचं ऐकायचं, कानातल्याचंही ऐकायचं, आणि कानातल्याचं ऐकू येतंय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. मला वाटलं, एकत्र कुटुंबात 19 वर्षं काढलीत, हे काय.

स्पर्धक म्हणून प्रॉडक्शनचाच एक पोरगा बसवला होता. मी प्रश्न वाचला, "1853 साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी रेल्वे कुठपर्यंत धावली? कल्याण, ठाणे, भायखळा की पुणे?"

तो म्हणाला, "कल्याण."

ठाण्यात जन्मलेल्या बाईसमोर! अहो 16 एप्रिल, 14 डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आमच्याकडे हे बाळाला बारशातच सांगतात. मी काही बोलले नाही, फक्त भुवई वर गेली आणि तोंडातून "कल्याण?" निघालं, भाजीवाल्याने मेथीचा भाव सांगितल्यावर निघतं तसं.

कानात आवाज आला, "चेहरा, मॅडम, चेहरा! हिंट जातेय."

मी मोठ्याने म्हणाले, "चेहरा, हिंट जातेय."

पोरगा बिचारा स्क्रीनकडे बघायला लागला, हा पाचवा ऑप्शन कुठनं आला म्हणून. कानात, "रिपीट नका करू!" तेही मी रिपीट केलं.

"पॉज घ्या. तो लॉक म्हणाला की दहा सेकंद काही बोलायचं नाही."

आता 2000 साली करोडपती सुरू झालं तेव्हापासून बच्चनसाहेबांचा तो पॉज आपण बघतोय. घरी सोफ्यावर तो पॉज म्हणजे उठून गॅस बंद करून यायचा वेळ. पण समोर एक मुलगा धडधडीत चुकतोय, उत्तर आपल्या हातातल्या कार्डावर आहे, आणि आपण चेहऱ्याची इस्त्री न मोडता नुसतं बघत राहायचं? मी ओठ घट्ट मिटले. तीन सेकंद. चार. नाकाला खाज. सहाव्या सेकंदाला तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग ठाणे करू का?"

मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी, अगदी पदरावरच्या माइकसमोर. साउंडवाल्याने हेडफोन काढून फेकले. डायरेक्टर बाहेर आला, चांगला होता माणूस, शांतपणे म्हणाला की मॅडम, इथे लोकांचे पैसे लागलेले असतात, एकाला भुवई दिली तर बाकीच्यांवर अन्याय होतो.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे गप्प बसायचेच होते."

परवा तिथून फोन आला. सिलेक्शन नाही झालं, पण ऑडियन्समध्ये बसाल का, टाळ्या फार मनापासून वाजवता. मी विचारलं, जेवण आहे का? आहे म्हणाले. मग दोन सीट सांगितल्यात, सासूबाई पण येतायत.