पाच दिवस नाही भाऊ, दीड दिवस

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी, आणि फोन उचलला नाही ही चूक आमचीच, त्यात वादच नाही.

पण तुम्ही लिहिलं काय ते आधी इथं परत टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला समजेल मी कशावर बोलून राहिलो. "एक स्टार. सेकंडहँड गाडी होती, सेल्फ मस्त फिरत होता, फक्त चालू होत नव्हती. दहा मिनिटांचं काम, पाच दिवस गाडी अडकवून ठेवली, 1,980 रुपये घेतले, फोन उचलत नाहीत. दुसरीकडे जा." पैशाचं कोणालाही जास्तच वाटते, मलाही वाटते. फोनचं मान्य केलं. दुसरीकडे जा म्हणालात, तो तुमचा हक्क आहे. पण हे "पाच दिवस" अन् "दहा मिनिटं" मनातून जाऊनच नाही राहिलं.

बाईक तुम्ही शुक्रवारी माझ्या गॅरेजवर आणली, पोळ्याच्या दिवशी, संध्याकाळी पावणेआठला. मी अर्धं शटर खाली घेतलं होतं, घरी बैलाची पूजा व्हायची होती. तुमच्या मित्राने दुसऱ्या गाडीवरून पाय लावून लावून तुम्हाला इथं नागपूरच्या महाल भागापर्यंत आणलं, दोघं पण घामाघूम झाले होते, म्हणून मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटते. तेव्हा मी स्वतः सांगितलं की भाऊ उद्या मारबतीची मिरवणूक आहे, परवा रविवार, सोमवारीच हात लागेल. तुम्ही "हो हो, काही घाई नाही" म्हणाले. दुकानातला पोरगा साक्षीला आहे, त्यानेच तुमची गाडी आत लावली.

आता शनिवार. नागपूरचा माणूस असून मारबतीच्या दिवशी महालात दुकान उघडं पाहिजे म्हणतो याचं मला खरंच नवल वाटलं. काळी-पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, सगळं वाईट घेऊन जाणारे पुतळे ते, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तिथं मी टाकी खोलून बसू? (आमच्या पोराने तर मिरवणुकीत ओरडून घेतलं, "न चालू होणाऱ्या गाड्या घेऊन जाय गे मारबत!" तेव्हा तुमचीच गाडी त्याच्या डोक्यात होती, हसलो आम्ही, आता हसू येत नाही.) तुमचे सात मिस कॉल त्याच दिवशीचे आहेत, त्या डीजेत खिशातला फोन कोणाला ऐकू येते. पण रात्री पाहून परत लावायला पाहिजे होता, नाही लावला, ते चुकलं. रविवारी दुकान बंद असते, पंधरा वर्षांपासून बंद असते, बोर्डावर लिहिलेलं आहे.

म्हणजे काम सुरू झालं सोमवारी दहाला अन् संपलं मंगळवारी दुपारी एकला. मोजा.

आता दहा मिनिटं. सेल्फ फिरते पण गाडी चालू होत नाही, हे ऐकायला एक तक्रार वाटते, पण त्याच्यामागे वीस कारणं राहू शकतात. कितीतरी गाड्या अशाच ढकलत आणतात अन् लाल बटण, किल स्विच, बंद असतो. काही गाड्यांत तो बंद असला तरी सेल्फ फिरतच राहते, म्हणून माणसाला कळत नाही. कोणाचा टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद असतो. असं असलं तर मी एक रुपया घेत नाही, चहा पाजून पाठवतो, महालात कोणालाही विचारा. तुमच्या गाडीत ते मी शुक्रवारीच शटरपाशी उभ्या उभ्या पाहिलं होतं, ते नव्हतं.

सोमवारी पहिले बॅटरीला मीटर लावला. उभ्या गाडीला 12.1 व्होल्ट, सेल्फ दाबला की सरळ 8.7. सेल्फ फिरतानासुद्धा साडेनऊच्या वर राहायला पाहिजे. तुम्ही म्हणता सेल्फ मस्त फिरत होता, हो फिरत होता, पण मोटरच सगळा करंट खाऊन घेते अन् स्पार्क पाडणाऱ्या सीडीआयला उरत नाही, मग स्पार्क पडतो तो मेल्यासारखा. अन् बॅटरी अशी कशी झाली, तर तुम्हीच सांगितलं की दोन दिवस घरी सेल्फ मारून मारून पाहिलं, मग मेव्हण्याने प्लग काढून पाहिला, मग सेकंड गिअर टाकून गल्लीभर ढकलली. मी दोष देऊन नाही राहिलो, सगळेच करतात. पण चार-पाच सेकंदावर सेल्फ दाबून ठेवू नये, मध्ये थांबावं, एवढं ध्यानात ठेवा. बॅटरी चार्जिंगला लावली, त्याचे पैसे बिलात नाहीत, पाहून घ्या.

दुकानातली चांगली बॅटरी लावली, सेल्फ जोरात, तरी गाडी चालू नाही. प्लग काढला तर ओला चिंब. नवा प्लग हेडला टेकवून पाहिला, स्पार्क निळा, कडक. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून सेल्फ मारला, अंगठा फेकला जात होता, म्हणजे इंजिनातला दाब, कॉम्प्रेशन, पण आहे. आता राहिलं पेट्रोल. तुम्ही म्हणाले होते पेट्रोल फुल आहे, अन् टाकी खरंच भरलेली होती. पण त्या ओल्या प्लगला पेट्रोलचा वास जेवढा यायला पाहिजे तेवढा येत नव्हता, अन् तिथंच मला शंका आली.

पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देतो त्या कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून मी ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं. पहिले काही दिसलं नाही, गढूळ होतं. बाटली शेल्फवर ठेवली अन् दुसऱ्या गाडीची चेन बसवायला गेलो. वीस मिनिटांनी पाहतो तर वर पिवळसर पेट्रोल, अन् खाली बोटभर वेगळं पाणी, त्याच्याही खाली तांबूस गाळ. पाण्यावर गाडी कशी चालू होईल भाऊ? आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते थोडं पाणी स्वतःत ओढून घेते तोपर्यंत समजत नाही, पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला जाऊन बसतात, अन् कॉक तळातूनच ओढतो. कार्ब्युरेटरमधला पायलट जेट, ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जाते, तो काढून बल्बकडे धरला, पांढरं-हिरवं साचलेलं, भोकातून उजेडच नाही.

मग टाकी उतरवली, रिकामी केली, आतला गंज ढवळून काढला, दोनदा धुतली. आता ही टाकी वाळवायला लागते, नाही तं जे पाणी काढलं तेच परत जाईल. मे महिना असता तर नागपूरच्या उन्हात अर्ध्या तासात तव्यासारखी झाली असती. हा भादवा आहे, आभाळ दिवसभर भरलेलं. हवा मारली, हॅलोजनसमोर ठेवली, रात्रभर उलटी ठेवली. तुमच्या पाच दिवसांतली एक पूर्ण रात्र त्या टाकीने खाल्ली आहे, मी नाही.

अन् अजून एक गोष्ट मी तुम्हाला दुकानात हळूच सांगितली होती, चारचौघात बोललो नाही, कारण गाडी तुम्ही आत्ताच महिनाभरापूर्वी घेतली अन् मूड खराब होईल असं वाटलं. हेडलाइटचा डोम खोलला तर वायरिंगच्या कनेक्टरवर वाळलेली बारीक माती. एअर फिल्टरच्या डब्यात मातीची रेघ, कपातला चहा सुकला की राहते ना तशी. इंजिन ऑईल काढलं तर दुधाळ, चहाच्या रंगाचं. ही गाडी कधीतरी पाण्याखाली गेलेली आहे. कधी ते मी छातीठोक सांगत नाही, पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, मोरभवन बसस्टँडला बसा पाण्यात उभ्या होत्या, तेव्हाच्या अशा कितीतरी गाड्या मी या हातांनी खोलल्या आहेत अन् त्यांची माती मला ओळखू येते. काही गाड्या लोकांनी नीट करून घेतल्या, काही नुसत्या पुसून विकून टाकल्या. तुम्हाला विकणाऱ्याने काय सांगितलं ते तुम्ही जाणा. पॉलिश चांगलं मारलं होतं, एवढं मात्र खरं.

त्याला तुम्ही किती स्टार दिले, हे विचारावं वाटते, पण जाऊ द्या.

बिलाचं एकदाच सांगतो: मजुरी 700, कार्ब खोलून सफाई 350, टाकी 300, ऑईल 420, प्लग 90, पाईप अन् पेट्रोल फिल्टर 120. झाले 1,980. जुना प्लग, जुना पाईप पिशवीत घालून तुमच्या हातात दिला. टाकीतून काढलेल्यातलं वरचं चांगलं पेट्रोलसुद्धा मी वापरलं नाही, तुमच्यासमोर फेकायला सांगितलं, कारण त्याचा भरवसा नव्हता. नवीन दोन लिटर तुम्ही आणलं, अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू झाली, तुम्ही "वा भाऊ" म्हटलं, चहा पिला, मूर्तिकारांच्या चितार ओळीतून गणपती आणायला जायचं म्हणून घाईत निघाले. गणपती दुसऱ्याच दिवशी होते. मला वाटलं बरं झालं, बाप्पा आपल्या हातच्या गाडीवर जाईल. अन् रात्री पोरगा फोन घेऊन आला, काका हे पहा. एक स्टार.

तुम्हाला ही दोन ओळींची गोष्ट असेल. इथं दोन पोरं कामाला आहेत, भाडं आहे, अन् आजकाल गिऱ्हाईक दुकान पाहायच्या आधी फोन पाहते. 22 वर्षं ग्रीसमध्ये हात काळे केले, कोणाची गाडी मुद्दाम अडकवून ठेवली असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. दुकानाचं रेटिंग 4.6 होतं, 4.4 झालं. पोरगा म्हणतो काका काही फरक पडत नाही. मग तूच का दर तासाला उघडून पाहतो, मी विचारलं.

बरं, आमच्याकडून काय कमी पडलं ते पण पाहतो. गाडी घेतानाच वहीत लिहून देऊ की कोणत्या दिवशी हात लागेल, सणासुदीचं बोर्डावर आधीच टाकू, फोनचं पोराला सांगितलं आहे, तो संध्याकाळी सगळ्यांना परत लावेल, शक्यतो. गाडीचा फोटो काढून पाठवायचं पण पाहून राहिलो, मला ते जमत नाही पण शिकून घेईन.

तुम्हाला रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. फक्त ते पाच दिवसांचं जमलं तर दुरुस्त करा. अन् गाडी आणखी एकदा दाखवून जा, हजारेक किलोमीटरने ऑईल परत पाहावं लागेल, पाण्यातून निघालेल्या गाडीचं एका वेळी सगळं पाणी निघत नाही, अन् ते पाहायचे मी पैसे घेणार नाही. ती बाटली मी अजून फेकली नाही, शेल्फवर तशीच आहे, पाणी खाली, पेट्रोल वर, गाडी विकणाऱ्याला दाखवायला कामी येईल. अन् तुमची रेनकोटची निळी पिशवी खुंटीला राहिली आहे. रविवार सोडून कधी पण या.