उताराला माणूस नेमा

2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळिये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. दरड कोसळली की वाद तोच: पश्चिम घाट वाचवण्याचे उपाय सुचवणाऱ्या गाडगीळ समितीचं ऐकलं असतं तर हे टळलं असतं, की अतिवृष्टीपुढे कोणाचं काहीच चालत नाही? मी गाडगीळांच्या बाजूचा आहे. पण इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. यादी एकदा होते, उतार मात्र दर पावसाळ्यात बदलतो. त्यावर नजर ठेवणं हे कोणाचं तरी रोजचं काम असावं लागतं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या सरकारी जंगलांत मी तेच काम करतो. फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे तिथल्या वनखात्याचा जिओटेक्निकल इंजिनिअर: माती, खडक आणि उतार किती टिकतील ते बघणारा. या खात्याकडे देशभरात सुमारे 6 लाख किलोमीटर रस्ते आहेत, त्यातले कितीतरी गेल्या शतकात लाकूडतोडीसाठी काढलेले. तेव्हा डोंगर कापायचे आणि निघालेली माती बुंध्या-फांद्यांसकट खालच्या अंगाला लोटून द्यायचे. ते लाकूड आता भरावात कुजतंय. रस्त्याच्या बाहेरच्या कडेला चंद्रकोरीसारखी भेग दिसली की समजायचं, खालचा भराव सुटायला लागलाय.

बरेचदा सुरुवात मोरीपासून, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळापासून होते. फांद्यांनी मोरीचं तोंड बुजतं, पाणी रस्त्यावर चढतं, रस्त्याच्याच उताराने धावत सुटतं आणि पार लांब, भलत्याच भरावात घुसतं. फेब्रुवारी 1996 च्या पुरात इथले कितीतरी रस्ते असेच ओढ्यांत गेले. म्हणून आता ओढ्यावरची नवी मोरी शंभर वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या पुराच्या मापाने घालतात. शिवाय मोरी बुजलीच, तर पाणी तिथल्या तिथे आपल्या ओढ्यात परतावं म्हणून रस्त्याला जाणूनबुजून खोलगट भाग देतात. काही रस्ते तर आम्ही उकरून कायमचे बंद करतो. या कामाचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. देखभालीला पैसा कायम अपुरा, आणि 2025 मध्ये खात्याने हजारो नव्या कर्मचाऱ्यांना काढलं. तुलनाही सरळ नाही. आमच्या बहुतेक रस्त्यांखाली ओढा असतो, त्यात सामन मासे असतात. सह्याद्रीत उताराखाली माणसं झोपलेली असतात.

म्हणून तर हे पद तिकडे जास्त गरजेचं आहे. सिव्हिल किंवा भूशास्त्र शिकलेली हुशार मुलं मेट्रोच्या बोगद्यांकडे, टॉवरच्या पायांकडे वळतात, कारण डोंगराच्या कामात त्यांना नोकरीच दिसत नाही. ती निर्माण करा. घाटातल्या प्रत्येक जिल्ह्यात असा इंजिनिअर हवा, त्याची दर तीन वर्षांनी बदली नको, आणि पावसाळ्याच्या तोंडावर चुकीच्या जागी लागलेला जेसीबी थांबवण्याचा अधिकार त्याच्या हातात हवा.