'नुसतं बोलायचं तर असतं' म्हणे!

आज परत तेच वाचलं. 'रॅपमध्ये काय एवढं, नुसतं बोलायचं तर असतं.' डोकं फिरतं राव. असं लिहिणाऱ्यांना एन.डब्ल्यू.ए. या अमेरिकन रॅप गटावरच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या सिनेमातला एकच प्रसंग बळंच दाखवायला हवा.

गटातला ईझी-ई माइकसमोर उभा आहे. गाणं त्याचा साथीदार आइस क्यूबनं लिहिलेलं. न्यूयॉर्कच्या ज्या पोरांसाठी लिहिलं, ती नाक मुरडून निघून गेलेली. मग ज्यानं कधी रॅप केलेलंच नाही, तो पहिली ओळ म्हणतो आणि सगळे खिदळतात. रेकॉर्डिंग करणारा तिसरा साथीदार डॉ. ड्रे सोडत नाही. एक ओळ. थांब. पुन्हा तीच.

ही सिनेमावाल्यांची कल्पना नव्हे. १९८७ चं ते गाणं असंच पंच-इन करत, ओळ-ओळ जोडून झालं. टेपवर पंच-इन म्हणजे काय, ते समजून घ्या. मागची ओळ वाजत असते, दोन ओळींमधल्या श्वासाच्या फटीत रेकॉर्डचं बटण दाबायचं. लवकर दाबलं तर आधीच्या चांगल्या ओळीचं शेपूट पुसलं जातं, उशीर झाला तर नव्या ओळीचं पहिलं अक्षर गेलं. पुसलेलं परत येत नाही. गाणारा माइकपासून चार बोटं मागं सरकला तरी आवाज बदलतो, जोड कळतो.

आणि हीच कारागिरी सिनेमानं स्वतःवरही केली, त्याचा खरा राग आहे. १९९१ मध्ये ड्रेनं पत्रकार डी बार्न्सला मारहाण केली. सिनेमात चकार शब्द नाही. ईझीच्याच रूथलेस या रेकॉर्ड कंपनीच्या जे. जे. फॅड या पोरींच्या गटाचं 'सुपरसॉनिक' १९८८ मध्ये गाजलं, त्याही गायब. निर्मात्यांमध्ये कोण? ड्रे आणि क्यूब. नको ती ओळ पुसली, वरून नवी भरली! २०१५ मध्ये ड्रेनं जाहीर माफी मागितली, हे मान्य. पण सिनेमा आल्यावर, ओरड झाल्यावर.

तरी जेसन मिचेल या नटाचा ईझी बघताना राग टिकत नाही. पहिल्या ओळीला अडखळणारं ते पोरगं शेवटी दवाखान्यातल्या खाटेवर दिसतं, १९९५, एड्स, आणि घशात काहीतरी अडकतं.

असो. 'नुसतं बोलणाऱ्यांनी' एवढं करा. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं अ‍ॅप, मिनिटाला ९० ठोक्यांवर लावा. चार मात्रांचा एक बार, असे सोळा बार, म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. श्वास कुठं घ्यायचा ते आधी कागदावर खुणा करून ठेवा, नाहीतर चौथ्या ओळीतच दम संपेल. एका दमात, न चुकता म्हणून दाखवा. मग या कमेंटमध्ये.