प्रत्येक ‘बेक’ ओढ्याकाठचा नसतो

आडनावांच्या अर्थांबद्दल फिरणाऱ्या मजकुरात एक दावा सतत भेटतो: ‘बेक म्हणजे ओढा. जर्मन, डॅनिश, इंग्रज, कुठलाही बेक घ्या. त्याचे पूर्वज ओढ्याकाठी राहायचे.’ अर्धा खरा आहे, म्हणूनच तो खपतो.

‘शब्द सगळीकडे एकच.’ उत्तरेपुरतं बरोबर. ओढ्याला डॅनिश आणि स्वीडिशमध्ये बेक, डचमध्ये लांब ‘ए’चा बेक, लो जर्मन म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलींमध्ये बेके. हँबुर्गच्या वांड्सबेकमध्ये हाच ओढा आहे. (ल्युबेक या जर्मन शहराला मात्र या यादीत ओढू नका; ते नाव मुळात स्लाव्ह भाषेतलं.)

‘मग दक्षिण जर्मनीतला बेकही तोच.’ दावा कोसळतो तो इथे. दक्षिणेत स्वरानंतरच्या एकेरी ‘क’चा ‘ख’ झाला: इंग्रजी बुक, जर्मन बूख, इंग्रजी मेक, जर्मन माखेन. त्याच नियमाने तिथला ओढा ‘बाख’ झाला. श्टुटगार्टकडचा बेक हा पाव भाजणारा, जुन्या हाय जर्मनमधला, म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या जर्मनमधला ‘बेक्को’. त्यातला ‘क’ जोड होता, म्हणून तो टिकला. श्टुटगार्टकडच्या स्वाबियन बोलीत पाववाल्याला अजूनही बेक म्हणतात. प्रमाण जर्मनमधला ‘बेकर’ त्याच धातूला ‘एर’ प्रत्यय लागून झाला.

‘पूर्वजाचा धंदा कळला की आडनाव उलगडलं.’ संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी १७३५ मध्ये लिहिलेल्या घराण्याच्या टिपणात मूळपुरुष फाइट बाख पाव भाजणारा आहे. आडनाव मात्र ‘ओढा’!

‘इंग्लंडमध्ये शब्द जर्मनीतून आला.’ नाही. यॉर्कशर आणि कंब्रियात ओढ्याला बेक म्हणतात ते तिथे वसलेल्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा बोलणाऱ्यांमुळे. इंग्रजीचं स्वतःचं जुनं रूप चेशरमधल्या सँडबॅच या गावनावात उरलंय. डचमधला आखूड ‘ए’चा बेक तर तिसराच: अर्थ चोच किंवा तोंड, आणि आला फ्रेंचमधून.

म्हणून कोश उघडण्याआधी घराण्याची सगळ्यात जुनी नोंद कुठल्या गावची आहे ते पाहा. तिथे ‘फान डर बेके’ किंवा लॅटिन ‘दे रिवो’ असेल तर ओढा. ‘डर बेक’ किंवा लॅटिन ‘पिस्टोर’ असेल तर पाव भाजणारा. अमेरिकेतल्या नोंदीवरून सुरुवात केली तर हमखास फसगत होते, कारण तिथे डॅनिश ओढा आणि स्वाबियन पाववाला एकाच स्पेलिंगमध्ये येऊन बसलेत.